आठ वारांचा हिशेब

एडिंबरोच्या रॉयल माइल रस्त्यावर लोकरीचा, हाताने शिवलेला, पूर्ण आठ वारी किल्ट घ्यायचा म्हटला तर आज चारशे ते सातशे पौंड लागतात. वर कोट, कमरेपुढे लोंबणारी चामड्याची पिशवी म्हणजे स्पोरन, जाड मोजे, बूट हे सगळे आले की आकडा हजाराच्या पुढे जातो. म्हणून साध्या पगारावर जगणारा स्कॉटिश नवरदेव लग्नापुरता किल्ट भाड्याने आणतो आणि सोमवारी दुकानात परत करतो. राष्ट्रीय पोशाख, पण घरच्या कपाटात नाही. यात फार वावगे आहे असे तिथे कुणाला वाटत नाही.

मला याचे कुतूहल वाटले ते एका विसंगतीमुळे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी या पोशाखाची बाजू घेणारे लोक जी कारणे देत, त्यांतले एक ठळक कारण होते त्याची स्वस्ताई. गरिबाला दुसरे काही परवडत नाही म्हणून तो हे नेसतो, असे ते सांगत. मग गरिबाचे वस्त्र गरिबाच्या हातून निसटले कधी? टार्टनच्या इतिहासावर पुस्तके भरपूर आहेत; पण बहुतेकांचे लक्ष कुळे, लढाया आणि रंगांच्या चौकटी यांवर असते. कापडाचा हिशेब मांडत गेले की तीच गोष्ट वेगळी दिसू लागते.

आज आपण पाहतो तो किल्ट मूळ वस्त्राचा फक्त खालचा भाग आहे. मूळ वस्त्र म्हणजे 'फेली मोर', थोरला प्लेड. त्याची स्पष्ट खूण 1594 सालच्या प्रसंगात सापडते. आयर्लंडच्या रेड ह्यू ओडॉनेलच्या चाकरीत स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवरून भाडोत्री सैनिक आले होते. त्यांचे वर्णन करणारा आयरिश चरित्रकार सांगतो की हे लोक कमरपट्टा आपल्या पांघरुणाच्या वरून बांधतात. म्हणजे पांघरूण आणि नेसण वेगळी राहिलेली नाहीत. एकाच कापडाचा खालचा भाग कमरेला चुण्या घालून आवळला आहे आणि वरचा खांद्यावर टाकला आहे.

हातमागाची रुंदी साधारण पंचवीस ते तीस इंच. त्यामुळे आठ-नऊ वार लांबीचा एकेरी पट्टा विणायचा, मधोमध कापायचा आणि दोन्ही तुकडे लांबीच्या बाजूने एकमेकांना जोडायचे. चार-साडेचार वारांचे दुप्पट रुंद वस्त्र तयार. नऊवारी लुगडे पाहिलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये: न शिवलेले वस्त्र, निऱ्या रोज नव्याने घालायच्या, आणि सगळे कौशल्य नेसण्यात. माणूस जाड झाला, बारीक झाला, वस्त्र तेच. बापाचे मुलाला येते. शिंपी नावाचा प्राणी मध्ये येतच नाही.

वापराच्या दृष्टीने मात्र प्लेड लुगड्यापेक्षा आपल्या धनगराच्या घोंगडीला जवळचा. दिवसा अंगावर, पावसात डोक्यावर, रात्री अंथरूण-पांघरूण. एडमंड बर्ट नावाचा इंग्रज 1720 च्या दशकात सरकारी कामानिमित्त इन्व्हरनेस भागात राहिला होता. त्याची पत्रे 1754 मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापली गेली. डोंगरातले लोक थंडीच्या रात्री प्लेड ओढ्यात भिजवतात आणि मग तो गुंडाळून झोपतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. ओली लोकर फुगते, विणीतली भोके बुजतात, वारा आत शिरत नाही. वाचताना अंगावर काटा येतो. पण लोकरीचे शास्त्र जाणणाऱ्याला यात अशक्य काही दिसणार नाही.

याच बर्टने प्लेडच्या बाजूचे आणि विरुद्धचे, दोन्हीकडचे मुद्दे मांडले आहेत. विरोधक म्हणत, हे वस्त्र आहे म्हणूनच हे लोक रानात कुठेही झोपू शकतात, गुरे पळवू शकतात, बंड झाले की घराकडे न पाहता आठवडेच्या आठवडे डोंगरात काढू शकतात. समर्थक म्हणत, सामान्य डोंगरी माणसाला हा पोशाख चार-दोन शिलिंगांत मिळतो. सखल भागातल्या पद्धतीचा कोट आणि विजार, अगदी भरड कापडाची का असेना, घेण्याची ऐपत त्याला कदाचित जन्मात येणार नाही. माझ्या मते या सगळ्या वादात खरा मुद्दा हा दुसराच होता. पहिला मात्र राज्यकर्त्यांच्या लक्षात राहिला.

शिलिंगांचा हा अल्प खर्च तरी कशाचा? लोकर घरच्या किंवा शेजारच्या मेंढ्यांची, कातणे बायकांचे, रंग बरेचसे दगडफुलाचे आणि झाडपाल्याचे. विणकराची मजुरी तेवढी बाहेर द्यायची. मार्टिन मार्टिन हा स्वतः स्काय बेटावरचा. 1703 मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात तो सांगतो, बायका रंगसंगती चुकू नये म्हणून लाकडाच्या काठीवर प्रत्येक रंगाच्या धाग्यांची संख्या खुणा करून ठेवत. प्लेडची लांबी तो सात दुहेरी एल देतो. एल हे जुने माप, स्कॉटलंडमध्ये सदतीस इंचांचे. कापडावरून माणूस कुठल्या भागातला हे ओळखता येते, असेही तो म्हणतो. कुठल्या कुळातला, असे म्हणत नाही. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे त्याची किंमत पौंडांत मोजावी लागणार आहे.

आता धाकट्या किल्टकडे येऊ. 'फेली बेग' म्हणजे प्लेडची वरची पट्टी काढून टाकून उरलेला खालचा भाग. तो कुणी काढला यावर स्कॉटलंडमध्ये शंभर वर्षे तरी भांडणे चालू आहेत. 1785 च्या एडिंबरो मॅगझिनमध्ये छापलेल्या एका पत्राने श्रेय टॉमस रॉलिन्सन या लँकेशायरच्या क्वेकर कारखानदाराला दिले. त्याने 1720 च्या दशकात ग्लेनगॅरीच्या मुलखात लोखंडाची भट्टी घातली. भट्टीपाशी आणि लाकूडतोडीत थोरला प्लेड अडचणीचा, म्हणून त्याने तो कापवला, अशी हकिगत. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी 1983 मध्ये ती उचलून धरली आणि स्कॉटलंडचा राष्ट्रीय पोशाख एका इंग्रजाने शोधला, असे मिश्कीलपणे जाहीर केले. इतरांनी त्याआधीच्या खुणा दाखवून हे खोडले आहे. मला हा वाद थोडा पोकळ वाटतो. जोडलेले दोन पट्टे उसवले की अर्धे कापड हातात येते. ही युक्ती सुचायला ना इंग्रज लागतो ना कारखाना. कापडाची चणचण असलेल्या कुठल्याही घरातल्या बाईला ती सुचेल. अर्थात प्लेडचा अर्धा भाग गेला म्हणजे रात्रीचे पांघरूणही गेले. धाकटा किल्ट हे फक्त दिवसाचे वस्त्र आहे.

16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइट बंडाचा शेवट झाला. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला आणि 1 ऑगस्ट 1747 पासून तो पोशाखाला लागू झाला. प्लेड, फेली बेग, घट्ट टार्टन विजार, खांद्याचे पट्टे, टार्टनचे वरचे कोट, हे सगळे पुरुषांना आणि मुलग्यांना बंद. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. बायकांना बंदी नव्हती. राजाच्या फौजेत नोकरी करणाऱ्यांनाही नव्हती.

डंकन फोर्ब्ज हा स्कॉटलंडचा सर्वोच्च न्यायाधीश, बंडाच्या काळात सरकारच्या बाजूने जिवापाड झटलेला माणूस. बंदीबद्दल त्याने आक्षेप घेतला तो भावनेचा नव्हता. हा पोशाख असल्यामुळे माणूस डोंगरात गुरांमागे रात्र काढतो, तो काढून घेतला तर निष्ठावान आणि बंडखोर दोघांचेही कामधंदे अडतील, असे त्याचे म्हणणे. ऐकले गेले नाही. गेलिक कवी डंकन बान मॅकिंटायर हा तर फॉल्कर्कच्या लढाईत सरकारी बाजूने उभा राहिलेला. पण विजार घालायला लागल्याची तक्रार त्याने गाण्यातून केलीच.

ज्याच्याकडे पैसे होते त्याने विजार शिवून घेतली. ज्याच्याकडे नव्हते त्याचे काय? डेव्हिड स्टुअर्ट ऑफ गार्थ या सेनाधिकाऱ्याने 1822 च्या ग्रंथात जुन्या आठवणी गोळा केल्या आहेत. काहींनी प्लेड एकरंगी रंगवून घेतले. काहींनी विजार मिळवली, पण ती पायांत न घालता काठीला अडकवून खांद्यावर टाकली. एका खटल्यात तर आरोपीने किल्ट दोन पायांच्या मधोमध शिवून टाकला होता आणि ही विजारच आहे असे सिद्ध करून तो सुटला. अशा कथांत वाढीव मीठमसाला असणार. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे नवे कापड घ्यायला पैसे नसणे.

याहून बोलकी नोंद सॅम्युअल जॉन्सनची आहे. 1773 मध्ये तो बॉझवेलसह हेब्रिडीज बेटांवर फिरला. संपूर्ण जुन्या पोशाखातला सभ्य गृहस्थ त्याला एकच दिसला, आणि तोही हौसेखातर कधीमधी घालणारा. गरिबांबद्दल मात्र त्याने निराळे लिहिले आहे. हा कायदा लॉर्ड हार्डविक या मंत्र्याने केला होता आणि तो त्याच्या हयातीपुरताच होता, अशी लोकांची समजूत होती. त्यावर जॉन्सनची टिप्पणी अशी की ज्या दारिद्र्याने तेव्हा त्यांना जुने वस्त्र सोडणे जड गेले, तेच दारिद्र्य आता त्यांना परत जुन्या वस्त्राकडे वळू देत नाही. जॉन्सन हा स्कॉटिश माणसांची टवाळी करण्याबद्दल प्रसिद्ध. तरी या प्रश्नावर त्याच्याइतके नेमके बोट कुणी ठेवलेले मला आढळले नाही.

बंदीच्या पस्तीस वर्षांत एकाच वर्गाला किल्ट मिळत राहिला आणि तोही स्वतःच्या खिशातून एकरकमी पैसे न काढता: शिपाई. 1739 मध्ये पलटण म्हणून उभ्या राहिलेल्या ब्लॅक वॉचपासून पुढे एकामागून एक हायलंड पलटणी निघाल्या. या पलटणींत काटकसरीची एक पद्धत होती. प्लेड झिजला की त्यातून धाकटा किल्ट करून घ्यायचा. आपल्याकडे लुगडे विरले की त्याची गोधडी होते, तसेच हे.

या पलटणी महाराष्ट्रातही येऊन गेल्या. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीच्या फौजेत 74 वी आणि 78 वी अशा दोन हायलंड पलटणी होत्या. शिंद्यांच्या तोफांपुढे 74 व्या पलटणीची अक्षरशः चाळण झाली. उष्ण मुलखात या लोकांचे किल्ट बहुधा पेटीत राहत आणि पायांत पांढऱ्या विजारी येत. पुढे 1809 मध्ये युद्धखात्याने सहा पलटणींचा डोंगरी पोशाखच काढून घेतला, त्यांत ही 74 वी होती. कारण सरकारी कागदात स्वच्छ दिले आहे: हायलंडमधून पुरेसे रंगरूट मिळत नाहीत आणि इतर भागांतल्या तरुणांना हा पोशाख नको असतो. ज्या पोशाखाचे आमिष दाखवून भरती केली, तोच आता भरतीच्या आड येऊ लागला.

1 जुलै 1782 रोजी बंदी उठली. ती उठवण्यासाठी खटपट केली लंडनच्या हायलंड सोसायटीने. म्हणजे राजधानीत स्थायिक झालेल्या सरदार-जमीनदारांनी. बातमी गेलिक भाषेत गावोगाव जाहीर झाली, पण गावे परत प्लेडमध्ये शिरली नाहीत. एक पिढी विजारीत वाढली होती. त्याहून महत्त्वाचे, घरच्या लोकरीचे गणित बिघडत चालले होते. जमीनदार कुळांना हुसकावून शेते मोठ्या मेंढपाळ भांडवलदारांना देऊ लागले. सदरलंडमधली सगळ्यात क्रूर हकालपट्टी 1810 ते 1820 या दशकातली. मेंढ्या वाढल्या, पण त्यांची लोकर आता झोपडीतल्या चरख्यावर येत नव्हती, इंग्लंडच्या गिरण्यांकडे जात होती.

आणि नेमक्या याच वेळी किल्ट प्रतिष्ठित झाला. ऑगस्ट 1822 मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. सोहळ्याची आखणी सर वॉल्टर स्कॉटची. राजाच्या डोंगरी पोशाखाचे बिल जॉर्ज हंटर या व्यापाऱ्याने लावले: 1,354 पौंड 18 शिलिंग. त्यात शस्त्रे आणि जडजवाहीर धरलेले आहे. शिवाय 61 वार टार्टन साटीन, 31 वार मखमल. चार-दोन शिलिंगांच्या घोंगडीचा प्रवास इथवर आला. होलीरूडच्या दरबारात राजाने किल्टखाली गुलाबी रंगाची तंग विजार घातली होती, याची चेष्टा व्यंगचित्रकारांनी पुढे बरीच केली.

मागणी भागवली ती मुख्यतः बॅनकबर्नच्या विल्सन घराण्याने. 1765 च्या सुमारास सुरू झालेला हा विणकामाचा कारखाना सैन्याला कापड पुरवून मोठा झाला होता. तलम, टणक, भरड अशा वेगवेगळ्या प्रती तिथे विणल्या जात. त्यांच्या 1819 च्या नमुनावहीत शेकडो टार्टन आहेत. बऱ्याच नमुन्यांना सुरुवातीला नुसते क्रमांक होते, नावे मागाहून चिकटली. 1815 मध्ये हायलंड सोसायटीने कुळप्रमुखांना आपापल्या कुळाचा नमुना पाठवायला सांगितले, तेव्हा कित्येकांना आपला नमुना कोणता हेच ठाऊक नव्हते. त्यांनी विल्सनकडे किंवा गावातल्या म्हाताऱ्यांकडे विचारणा केली. 1842 मध्ये सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोन भावांनी 'व्हेस्टिआरियम स्कॉटिकम' हा जुन्या हस्तलिखिताचा दावा करणारा बनावट ग्रंथ छापला आणि उरलेल्या कुळांचीही सोय झाली.

या कल्पनेची झळ गिऱ्हाइकाला आजही बसते. ब्लॅक वॉच किंवा रॉयल स्टुअर्ट हे टार्टन मोठ्या प्रमाणावर विणले जातात, म्हणून तुलनेने स्वस्त पडतात. पण 'माझ्या' आडनावाचा नमुना हवा आणि तो गिरणीच्या साठ्यात नसला, तर माग त्याच्यापुरता लावावा लागतो आणि किंमत चढते. मार्टिनच्या काळातल्या शेतकऱ्याला हा खर्च नव्हता. विणकर जे विणी ते तो नेसे.

दुसरा खर्च शिलाईचा. चुण्या कायमच्या शिवून टाकलेला किल्ट 1790 च्या दशकात सैन्यात आला. माहीत असलेल्यांपैकी सर्वांत जुना शिवलेला किल्ट गॉर्डन हायलंडर्स पलटणीचा, 1796 च्या सुमाराचा. तो अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या फ्रँकलिन गावी टार्टन संग्रहालयात आहे. कापड एकेरी रुंदीचे, जेमतेम चार वार. चुण्या पेटीसारख्या रुंद, ज्याला बॉक्स प्लीट म्हणतात. एकोणिसाव्या शतकात चुण्या एकाच बाजूला वळणाऱ्या धारदार, सुरीसारख्या झाल्या आणि कापड हळूहळू चारावरून आठ वारांवर गेले. नव्या पद्धतीत प्रत्येक चुणी अशी घालायची की मागून पाहताना टार्टनची चौकट अखंड दिसली पाहिजे. पंचवीस-तीस चुण्या, कमरेपासून नितंबांपर्यंत प्रत्येक चुणी हाताने शिवलेली, आतून कॅनव्हासचे अस्तर. हातसराईच्या कारागिराचे यात वीसेक तास जातात. म्हणून किंमत निम्मी कापडाची आणि निम्मी बोटांची असते. 'आठ वार म्हणजेच अस्सल' हे वाक्य दुकानदार ज्या ठामपणे उच्चारतात त्याला इतिहासाचा आधार फार तर व्हिक्टोरिया राणीच्या काळापर्यंतच पोचतो.

मग विसाव्या शतकात सामान्य माणसाच्या अंगावर किल्ट आला तो कुठून? बराचसा परत सैन्यातूनच. पहिल्या महायुद्धात किल्टधारी पलटणी फ्रान्सच्या चिखलात लढल्या. चुण्यांत उवा होत आणि भिजून गोठलेली कड गुडघ्यामागची कातडी सोलून काढी. 1940 मध्ये फ्रान्समधल्या लढाईनंतर रणांगणावरचा किल्ट संपला आणि तो संचलनापुरता उरला. सैन्याने काढून टाकलेले जाड, टिकाऊ किल्ट जुन्या बाजारात येत राहिले. कमी पैशांत खरा लोकरीचा किल्ट शोधणाऱ्याचा आजही हा पहिला मार्ग असतो. दुसरा मार्ग वारसा. किल्टच्या खालच्या काठाला दुमड नसते, तिथे कापडाची मूळ किनारच ठेवतात. त्यामुळे लांबी वाढवता येत नाही. पण पट्टे आणि बकला सरकवून कमरेत तीनेक इंचांचा फेरफार सहज होतो. आजोबांचा किल्ट नातू घालतो. तिसरा मार्ग भाड्याच्या दुकानांनी काढून टाकलेला माल, आणि चौथा धर्मादाय दुकाने, जिथे नशीब लागते.

पाचवा मार्ग आपल्या उपखंडातून जातो. आज जगभर वीस-तीस पौंडांत विकले जाणारे किल्ट मोठ्या संख्येने पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये शिवले जातात. इंग्रजांची छावणी, छावणीत बॅगपाइप, बॅगपाइपची दुरुस्ती करणारे स्थानिक सुतार, आणि मग त्यांनीच बनवलेले नवे बॅगपाइप, अशी ही साखळी आहे. वाद्यापाठोपाठ वादकाचा पोशाख आला. आपल्या सैन्यातल्या पाइप बँडच्या खांद्यावर प्रजासत्ताक दिनी जे टार्टन दिसते तेही याच छावणीचे उष्टे. सियालकोटचा स्वस्त किल्ट बहुतेकदा ॲक्रिलिकचा किंवा पॉलिएस्टर-व्हिस्कोसचा, कापड हलके, चुण्या यंत्राने शिवलेल्या आणि चौकट जुळेलच असे नाही. चालताना लोकरीचा किल्ट जसा झुलतो तसा हा झुलत नाही. स्कॉटलंडमधले कारागीर त्याच्या नावाने बोटे मोडतात, आणि ज्या दुकानांत हा माल स्कॉटिश म्हणून खपवला जातो तिथे त्यांचा राग रास्त आहे. पण पाइप बँडमधल्या पंधरा वर्षांच्या पोराला सातशे पौंडांचा किल्ट दर दोन वर्षांनी कोण देणार? भरड, लौकर मिळणारे, परवडणारे कापड. ज्या गुणासाठी बर्टच्या काळातले समर्थक प्लेडची वकिली करत, तो गुण सध्या सियालकोटच्या मालात आहे. ऊब तेवढी नाही.

अलीकडे आणखी एक बदल दिसतो. स्कॉटलंडमधले आणि अमेरिकेतले काही कारागीर चार वारी, रुंद बॉक्स प्लीटचा किल्ट पुन्हा शिवू लागले आहेत. कापड निम्मे, चुण्या कमी, तास कमी, पण लोकर तीच आणि शिलाई हाताचीच. फ्रँकलिनच्या संग्रहालयातला शिपाई जो घालत होता, साधारण तोच. एकेरी चार वार म्हणजे आजच्या दुप्पट रुंदीच्या गिरणी कापडाचे दोन वार, आणि मधून कापले की दोन पट्टे. विणकाम करणाऱ्या बाईने तीनशे वर्षांपूर्वी जे उसवले असेल त्याच जागी आता कात्री लागते.